कुंडीतली बाग: खत-औषधाच्या पुडीशिवाय खरंच निभतं का? (ठाणे-नवी मुंबई)

मानपाड्याची

नमस्कार. बागकामाचे जुने धागे चाळले, पण बहुतेक सगळे पुणे-नाशिककडच्या अंगणवाल्यांचे. आमच्याकडच्या दमट हवेत, सोसायटीच्या बाल्कनीत काय चालतं ते सलग कुठे सापडलं नाही, म्हणून नवा धागा.

घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ राहते. बाल्कनी पश्चिमेची. ऊन दुपारी एकनंतर येतं ते थेट मावळतीपर्यंत. जास्वंद, मोगरा, कढीपत्ता, कागदी लिंबू आणि अर्ध्या कापलेल्या पिंपांत टोमॅटो-मिरच्या. मोगरा बरा आहे. जास्वंदीवर मात्र पांढरा कापूस धरतो, म्हणजे पिठ्या ढेकूण. कळ्या उमलायच्या आधीच गळतात, खालची पानं चिकट होतात आणि त्यावर काजळी चढते. कढीपत्त्याची पानं रातोरात कोण खातं ते माहीत नाही. नर्सरीवाल्याने एक बाटली काढून दिली, तिच्यावर पिवळा त्रिकोण होता, म्हणजे चांगलंच विषारी. तिथेच ठेवून आले, कारण आमच्या घरातलं सर्वात धाकटं माणूस मिरचीच्या झाडाखाली बसून माती चाखतं.

खताचंही तेच. जाऊबाई म्हणतात, "चमचाभर एकोणीस-एकोणीस-एकोणीस (नत्र-स्फुरद-पालाशचं रासायनिक खत) टाक आणि आठवड्यात फरक बघ." त्यांची झाडं खरंच हिरवीगार आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तर रासायनिक खत-औषध न वापरता आपल्याकडच्या हवेत कुणाचं खरंच निभतंय का? कुंडीतून खाण्यापुरतं काही निघतं की सगळं फोटोपुरतंच?

कोपरीचा पोपट

निघतं की. गेल्या हिवाळ्यात आमच्या टोमॅटोचा भाव काढला होता. कुंडी, माती, कोकोपीट, गांडूळखत, कडुनिंबाचं तेल, जाळी सगळं धरून किलोला गॅस सिलिंडरएवढा पडला. पण चव! (चव बायकोला विचारा. माझ्या वाट्याला अर्धा आला होता.)

ऐरोलीकरीण

पोपटराव, भाव काढायचाच तर कुंडी दहा वर्षांवर वाटून काढा. 😀

मानपाड्याची, जास्वंदीचं आधी. नुसतं तेल फवारून काही होत नाही. ज्या शेंड्यांवर गच्च कापूस आहे ते सरळ छाटा आणि पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, कंपोस्टमध्ये टाकू नका. उरलेल्या झाडावर पाण्याचा जोराचा फवारा, विशेषतः पानांच्या मागे आणि फांद्यांच्या बेचक्यात. ते मेणकट आवरण निघालं तरच पुढचं औषध आतल्या किड्याला लागतं. मग एक लिटर कोमट पाण्यात आधी भांड्याच्या साबणाचे काही थेंब, त्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल, आणि बाटली हलवत हलवत फवारायचं. तेल आणि पाणी वेगळं झालं की पानं भाजतात. फवारणी संध्याकाळीच. उन्हात त्यातलं अझाडिरॅक्टिन, म्हणजे किडीवर काम करणारं द्रव्य, लवकर मोडतं.

आणि हे लगेच मारत नाही. किडीची भूक मंदावते, तिला कात टाकता येत नाही, पिढी पुढे सरकत नाही. त्यामुळे आठवड्याच्या अंतराने करत राहावं लागतं. दुसऱ्या दिवशी किडे जिवंत दिसले म्हणून लोक बाटली फेकून देतात.

कढीपत्त्याचा चोर बहुतेक लिंबाच्या फुलपाखराची अळी. लहान असताना पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते म्हणून नजरेतून सुटते, मोठी झाली की हिरवी होते. तुमच्याकडे लिंबूही आहे, म्हणजे तिला दोन ताटं वाढलेली. हाताने उचलायची. मी कढीपत्त्याचं एक जुनं झाड त्यांच्यासाठीच ठेवलंय, सापडतील त्या अळ्या त्यावर सोडते. घरातल्या पोरांना कोषातून फुलपाखरू निघताना बघायला मिळतं.

चिंगी

वाचनखूण साठवली. माझ्या बाल्कनीत ऊनच नाही, फक्त कबुतरं आहेत. माझ्यासाठी वेगळा धागा काढा कुणीतरी.

रसायनवाला

आयडीवरून मी कोणत्या बाजूचा ते कळलंच असेल. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत उभी हयात गेली, तेव्हा थोडं उलट बोलतो. हलके घ्या.

झाडाचं मूळ नायट्रोजन घेतं ते प्रामुख्याने नायट्रेट आणि अमोनियमच्या रूपात. तो युरियातून आला की शेणातून, हे मुळाला कळत नाही. फरक आहे तो वेगाचा आणि प्रमाणाचा. युरियात ४६ टक्के नायट्रोजन, चांगल्या कुजलेल्या शेणखतात अर्धा टक्का. म्हणजे जाऊबाईंचा चमचा आठवड्यात दिसतो आणि तुमची ओंजळ महिन्यांनी दिसते. दोन्ही खोटं नाही.

दुसरं, "नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी" हे डोक्यातून काढा. तंबाखूचं पाणी फवारा असं दर दुसऱ्या व्हिडिओत सांगतात. निकोटिन हे जहाल विष आहे, कातडीतूनही शरीरात जातं. शिवाय तंबाखूत मोझॅक विषाणू असू शकतो, तो टोमॅटो-मिरचीला लागतो. दशपर्णी अर्कात, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याच्या घरगुती औषधात, कण्हेर, रुई, एरंड टाकतात. माती चाखणारं मूल घरात असताना हे बाल्कनीत ठेवणार का?

आणि मोठ्या चित्राबद्दल बोलायचं तर श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली आणि त्याच वर्षी माघार घेतली. तांदूळ आणि चहा दोन्ही झोपले.

विदर्भपुत्र

रसायनवाला, श्रीलंका हा आवडता दाखला आहे, पण तो इथे लागू पडत नाही. अख्ख्या देशाचं धान्य रातोरात बदलणं वेगळं आणि मानपाड्याच्या बाल्कनीतली जास्वंद वेगळी. इथे कुणाची उपासमार होणार नाहीये.

मी खारघरला असलो तरी घर यवतमाळ जिल्ह्यातलं, कापसाचं. २०१७ मध्ये आमच्याकडे फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले ते सगळ्यांनी वर्तमानपत्रात वाचलं, आम्ही शेजारच्या घरांतून पाहिलं. पाठीवर पंप, अंगात भिजलेला सदरा, तोंडाला रुमाल, आणि डोक्याच्या वर गेलेली कपाशी. तेव्हा डब्यावरच्या त्रिकोणाचा अर्थ आमच्याकडे किती जणांना माहीत होता विचारा. लाल सर्वात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. शेतकऱ्याला पर्याय कमी असतात म्हणून तो ते हातात घेतो. शहरात जास्वंदीच्या चार फुलांसाठी पिवळ्या त्रिकोणाची बाटली विकणाऱ्याचं मला नवल वाटतं.

तंबाखूच्या बाबतीत मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

रसायनवाला

पिवळ्या त्रिकोणाचं समर्थन मीही करत नाही. बंद बाल्कनीत तर नाहीच. माझा मुद्दा खतापुरता होता.

नेरुळकर आजोबा

चर्चा औषधावर आणि खतावर फिरते आहे, मातीवर कुणी बोलत नाही. कुंडीत मुळाला पळायला जागा नसते. जमिनीत आपली चूक गांडुळं आणि पाऊस निस्तरतात, कुंडीत ती तिथेच साचते. रासायनिक खत कुंडीत वारंवार घातलं की क्षार साठतात. कुंडीच्या कडेला पांढरी पापुद्री धरलेली सगळ्यांनी पाहिली असेल. पावसाळ्यात निम्मं खत ताटलीतून खालच्या मजल्यावर जातं ते वेगळंच. कुंडीवाल्याने सेंद्रियकडे का वळावं याचं माझ्या लेखी हे कारण पुरेसं आहे.

आपल्या भागात हे काही नवीन फॅड नाही. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर, गणिताचे मास्तर, त्यांनी प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांचा 'प्रयोग परिवार' उभा केला तेव्हा तासगावच्या द्राक्षवाल्यांपासून गच्चीवाल्यांपर्यंत सगळ्यांना एकच सांगितलं: ऊन मोजा, पान मोजा, पालापाचोळा जाळू नका. वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशींनी गच्चीवर उसाच्या चिपाडात भाज्या आणि फळझाडं घेऊन दाखवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी राहिली, ती मी पाहिली आहे. चिकूपासून पालेभाजीपर्यंत सगळं, आणि माती नावापुरती.

माझी पद्धत सांगतो. पिंपाच्या तळाला भोकं. त्यावर नारळाच्या शेंड्या, वर रसवंतीवाल्याकडचं चिपाड (लिंबाच्या फोडी वेचून काढा आणि आठवडाभर उन्हात टाका, नाहीतर मुंग्यांची जत्रा भरते). मग वाळका पाला दाबून. वरच्या वीतभर थरात एक भाग लाल माती, एक भाग गांडूळखत किंवा घरचं कंपोस्ट आणि मूठभर निंबोळी पेंड. पाला बसत जातो तसा वरून भरत राहायचं. नव्या मुंबईत पर्जन्यवृक्षांचा पाला फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्तोरस्ती पडतो आणि सफाईवाले ढीग करून ठेवतात. दोन गोण्या मागितल्या तर आनंदाने देतात.

पेंडीबद्दल जाता जाता: निंबोळी पेंडीत साधारण पाच टक्के नायट्रोजन असतो, शेंगदाणा पेंडीत सातच्या आसपास. रसायनवाल्यांना आकडे हवे होते म्हणून दिले.

कोपरीचा पोपट

आजोबा, आमचा रसवंतीवाला चिपाड मागितल्यावर माझ्याकडे ज्या नजरेने बघतो ना! आता तो मला बघितल्यावर रस विचारतच नाही, थेट पोतं पुढे करतो.

येऊरची वाट

पाल्यासाठी एवढी खटपट कशाला? येऊरला जाऊन जंगलातली काळी माती आणि पाला आणा, सोनं आहे सोनं.

विदर्भपुत्र

कृपया हे करू नका. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथून माती-पाला उचलणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा होतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, तो पाला तिथल्या झाडांचं जेवण आहे.

येऊरची वाट

बरोबर. सोसायटीचाच पाला बघते.

सेक्रेटरी (पद सोडायचंय)

मी या धाग्यातला खलनायक. वर्तकनगरच्या एका जुन्या सोसायटीचा कारभार बघतो, तेव्हा तीन गोष्टी ऐकून घ्या.

एक, वजन. एक घनफूट ओली माती पंचेचाळीस ते पन्नास किलो भरते. कापलेलं मोठं पिंप मातीने भरून बाल्कनीच्या बाहेरच्या कडेला ठेवलं तर एक-दोन धडधाकट माणसं कायमची तिथे उभी आहेत असं समजा. अशी चार पिंपं रांगेत ठेवण्याआधी इमारतीचं वय बघा. आजोबांची पाला-चिपाडाची पद्धत या दृष्टीनेही बरी, वजन निम्म्याच्या आसपास येतं. ग्रिलच्या छज्ज्यावर तर कुंडी ठेवूच नका. वाऱ्या-पावसात ती कुणाच्या डोक्यात पडली की बागेचा विषय संपतो.

दोन, कुंडीखालच्या ताटल्या. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दीड आठवड्यात डास बाहेर. पालिकेची माणसं पावसाळ्यात घरोघर येऊन ताटल्या बघतात ती उगाच नाही. दर आठवड्याला ओतून, घासून कोरड्या करा. नुसतं ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात.

तीन, वास. आमच्याकडे एका सभासदाने बाल्कनीत जीवामृत (शेण-गोमूत्र-गुळाचं आंबवण) लावलं होतं. शेजारच्या विंगेतून लेखी तक्रार आली, तिच्यात 'अमृत' हा शब्द अवतरणचिन्हांत होता.

ऐरोलीकरीण

😂😂 अवतरणचिन्हं!

गोगलगाय

जीवामृताचं घरगुती प्रमाण कुणी देईल का? सगळीकडे एकराचं दिलेलं असतं.

विदर्भपुत्र

नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांचं मूळ प्रमाण एकराला असं आहे: २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सगळ्याला वीसने भागा. म्हणजे १० लिटर पाण्याला अर्धा किलो शेण, पाव ते अर्धा लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन १००-१०० ग्रॅम, चिमूटभर जिवंत माती. सावलीत, वर फडकं बांधून दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. नंतर आठवड्याच्या आत संपवायचं. कुंडीला दहापट पाणी घालून द्या.

पण खरं सांगू? हे शेतासाठी आहे. जिथे जमिनीवर आच्छादन आहे, खाली कुजायला काहीतरी आहे, तिथे ते काम करतं. नुसत्या कोकोपीटने भरलेल्या कुंडीत ते ओतून फार हाती लागणार नाही. ज्यांच्याकडे आठ-दहाच कुंड्या आहेत त्यांनी कंपोस्टवर भर द्यावा, शेजाऱ्यांशी संबंधही टिकतील.

रसायनवाला

हे पटलं. आज दोनदा सहमत झालो, तब्येत बघायला हवी.

बेलापूरचा भोपळा

कंपोस्टचं विचारायचं होतं. माझ्या बादलीला वास येतो आणि पांढऱ्या अळ्या झाल्यात. घरातून अल्टिमेटम आहे.

ऐरोलीकरीण

अळ्यांनी घाबरू नका, त्या बहुतेक काळ्या सैनिक माशीच्या. कचरा झपाट्याने संपवतात, चावत नाहीत. पण वास म्हणजे ओलं जास्त, कोरडं कमी. भाज्यांच्या साली जेवढ्या टाकता त्याच्या दुप्पट आकाराने सुका पाला, कोकोपीट किंवा फाडलेले खोके टाका. शास्त्रात कर्ब-नायट्रोजनचं प्रमाण पंचवीस-तीसास एक सांगतात. बादलीपाशी उभं राहून कोण मोजणार? मुठीत पिळल्यावर पाणी गळलं तर जास्त ओलं, एवढी परीक्षा पुरते. आंबट ताक किंवा जुनं कंपोस्ट विरजण म्हणून घाला. शिजलेलं तेलकट, मासळीचे काटे सुरुवातीला नको. बादलीच्या बाजूंनाही भोकं हवीत, फक्त तळाला नाही.

चहाचा चोथा घालत असाल तर धुऊन. दूध-साखरेसकट टाकला की बुरशी आणि मुंग्या.

सेक्रेटरी (पद सोडायचंय)

२०१६च्या घनकचरा नियमांत पाच हजार चौरस मीटरच्या वरच्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा असं होतं. सध्याचे नियम बघून तुमच्या सोसायटीतही तशी मागणी लावून धरा. आमची छोटी आहे तरी आम्ही विटांचे दोन हौद बांधले. तयार झालेलं खत बागवाल्यांनी न्यावं म्हणून नोटीस लावली. पहिल्या दिवशी पिशव्या घेऊन रांग लागली, आणि कचरा वेगळा करत नाहीत तेच रांगेत सर्वात पुढे!

चिंगी

अंड्याची टरफलं? माझी मैत्रीण सगळ्यांना सांगत सुटलीय.

रसायनवाला

टरफलात कॅल्शियम कार्बोनेट आहे, पण ते मातीत विरघळायला फार वेळ घेतं. टोमॅटोचं बूड काळं पडतं ना, त्यावर लोक टरफलं टाकतात. ते बहुतेक वेळा कॅल्शियम कमी असल्याने नाही, पाणी कधी खूप, कधी अजिबात नाही असं झाल्याने होतं. झाडाला कॅल्शियम पाण्याबरोबरच वर न्यावं लागतं. पाणी नियमित द्या, वर पाल्याचं आच्छादन घाला. टरफलं टाकायचीच तर पीठ करून टाका आणि पुढच्या वर्षाची वाट बघा.

नेरुळकर आजोबा

टोमॅटोचा विषय निघालाच आहे तर, आपल्याकडे तो पावसाळ्यात लावण्यात अर्थ नाही. बुरशी आणि करपा. गणपती झाले की बी टाकावं, ऑक्टोबरची काहिली ओसरताना रोप मोठ्या कुंडीत जावं, म्हणजे थंडीत फळ धरतं. रात्री गरम राहिल्या की फुलं येतात आणि गळतात, मग लोक खताला दोष देतात.

पावसाळ्यात काय लावावं? मायाळू, अळू, अंबाडी, माठ, चवळी, काकडी, पडवळ, शिराळी. कोकणी माणूस परसात हेच लावत आला. मायाळूला तर मी आजवर कसलंही औषध मारलेलं नाही, पश्चिमेच्या उन्हातही चालतो, भजी उत्तम होतात. मानपाड्याच्या ताईंनी टोमॅटोचा हट्ट धरण्याआधी मायाळू लावावा, खाण्यापुरतं निघतं का याचं उत्तर एका पावसाळ्यात मिळेल.

बेलापूरचा भोपळा

माझ्याकडे दुधीला फुलं भरपूर, फळ बोटाएवढं झालं की पिवळं पडून गळतं. चौदावा मजला.

ऐरोलीकरीण

चौदाव्या मजल्यावर परागीकरण करायला कोण येणार? तुम्हीच. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात. ज्या फुलामागे छोटा दुधी दिसतो ती मादी, सरळ दांडीवरचं ते नर. नर फूल तोडून पाकळ्या मागे करून मादीच्या मधोमध फिरवा. काकडी, भोपळ्याला हेच काम सकाळी लवकर. टोमॅटो-मिरचीला गरज नाही, फांदी हलकेच हलवली तरी पुरतं.

कोपरीचा पोपट

म्हणजे ऑफिसातून आल्यावर आता दुधीचं लग्न लावायचं. बरं.

ब्रह्मांडवासी

आमच्याकडे या सगळ्याला अर्थ उरत नाही कारण जंगलाकडून माकडं येतात. पिकलेलं, कच्चं, फुलं, सगळं साफ. मिरच्या पोपट सोलतात. (वरच्या आयडीला उद्देशून नाही.) जाळी लावली तर ती उपटून घेऊन गेले. हल्ली गवती चहा, पुदिना, ओवा, आलं, हळद एवढंच ठेवलंय. पुदिन्याला अजून कुणी हात लावलेला नाही.

कोपरीचा पोपट

मी निर्दोष आहे.

गोगलगाय

दुसरा प्रश्न. जुलैपासून कुंड्यांत मोठ्या शंखाच्या गोगलगायी येतात आणि रोपं मुळापासून संपवतात. मीठ टाकू का? (आयडीवर जाऊ नका, आधीच घेतला होता.)

विदर्भपुत्र

😂 मीठ मातीत अजिबात नको, गोगलगाय मरेल आणि झाडही. शंखी गोगलगायीने २०२२ मध्ये मराठवाड्यात सोयाबीनची कोवळी पिकं खाल्ली तेव्हा सांगितलेला उपाय घरी सहज जमतो. गोणपाटाचे तुकडे गुळाच्या पाण्यात भिजवून रात्री कुंड्यांमध्ये ठेवायचे, सकाळी त्याखाली जमलेल्या उचलून साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. हातमोजे घालूनच, त्यांच्या अंगावर परजीवी असू शकतात, आणि नंतर हात धुवा. सलग करावं लागतं, एका रात्रीत संपत नाहीत. नर्सरीतून आणलेल्या रोपाची माती आधी उकरून बघा, बहुतेकदा त्या तिथूनच घरात येतात.

मानपाड्याची

बापरे, दोन दिवस आले नाही तर केवढं वाढलंय. सगळ्यांचे आभार.

ऐरोलीकरीण, कढीपत्त्याचा चोर सापडला. तुम्ही म्हणालात तेच, शिटेसारखी. पोराने तिचं नाव ठेवलंय, त्यामुळे आता हात लावायची सोय नाही.

जास्वंद छाटली, धुतली, तेलही फवारलं. कापूस कमी झाला. पण खोडावरून मुंग्यांची रांग चालूच आहे आणि जिथे रांग पोचते तिथे पुन्हा पांढरे ठिपके दिसायला लागलेत. मुंग्यांचं काय करू?

नेरुळकर आजोबा

हा प्रश्न पहिल्याच दिवशी यायला हवा होता. पिठ्या ढेकूण रस शोषतो आणि जादा साखर चिकट थेंबांच्या रूपात बाहेर टाकतो. मुंग्या त्यासाठी येतात आणि मोबदल्यात त्याची राखण करतात, त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. पानावरची ती काजळीही त्याच चिकट्यावर वाढलेली बुरशी. मुंग्यांची वाट तोडली नाही तर तुम्ही फवारत बसाल.

खोडाभोवती चिकटपट्टी उलटी गुंडाळा, चिकट बाजू बाहेर, आणि तिच्यावर एरंडेल किंवा व्हॅसलीन चोपडा. धुळीने भरली की बदला. झाडाचं एकही पान भिंतीला, ग्रिलला किंवा शेजारच्या कुंडीला टेकता कामा नये, नाहीतर त्या तिथून पूल करतात. कुंडी विटांवर उचलून ठेवा.

आणि एक. कापसात कापसासारखीच, पण जरा मोठी आणि चपळ चालणारी पांढरी झिपरी अळी दिसली तर तिला मारू नका. ती क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी, पिठ्या ढेकणावरच जगते. लोक साफसफाईत आधी तिलाच चिरडतात, कारण ती ठळक दिसते. ती दिसू लागली की तेलाची फवारणी थांबवा.

सेक्रेटरी (पद सोडायचंय)

कुंडीचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवा असं कुणी सांगायच्या आत सांगतो, त्यात साबणाचा फेस हवा. नुसतं पाणी नको. डास.

रसायनवाला

जाऊबाईंच्या बाजूने बोलायला आलो होतो, पण हेही सांगायला हवं. नायट्रोजन जास्त झाला की पालवी कोवळी आणि रसाळ येते, आणि रस शोषणाऱ्या किडी तिच्यावरच तुटून पडतात. त्यांच्या हिरव्यागार झाडांच्या पानांमागे एकदा बघून या.

मानपाड्याची

बघितलं. मावा आहे. मी काही बोलले नाही, फक्त कडुनिंबाच्या तेलाची बाटली देऊन आले.

टोमॅटो या वर्षी नाही, मायाळू लावते. कुणाकडे बी किंवा कांडी आहे का?

नेरुळकर आजोबा

जांभळ्या देठाचा आहे. काळी फळं पिकली की बी देतो, पण कांडी लवकर धरते. वीतभर, दोन डोळे मातीत. रविवारी सकाळी ठाणे स्टेशनवर एका कामासाठी येणार आहे, व्यक्तिगत निरोप करा.

बेलापूरचा भोपळा

आजोबा, मलाही. बदल्यात काळ्या सैनिक माशीच्या अळ्या देऊ शकतो, हव्या तेवढ्या.

चिंगी

सावलीत मायाळू येतो का?

नेरुळकर आजोबा

येतो, पानं मोठी आणि पातळ होतात, वाढ सावकाश. तीन-चार तास उजेड तरी हवा. तुमच्याकडे तेवढाही नसेल तर अळू लावा. कबुतरं अळूला चोच लावत नाहीत.